चंद्रीच्या गोठ्यातली मोटार

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो! पुन्हा मधीच दात काढलात तर मी कप खाली ठेवून उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो. चाळीस वर्सं झाली, पण दसरा आला की माझ्या कानशिलावर अजून घाम फुटतो. एवढी शोभा झाली माझी. अन् केली कुणी? कुणी न्हाई, म्या स्वतःच, ह्या दोन हातांनी!

तवा निजामाचं राज्य व्हतं. मुडबीला माझी पिठाची गिरणी. घासलेटवर चालणारं एक शिलिंडरचं इंजिन, अन् त्याचं धुराडं भिंतीतनं बाहेर काढलेलं. धुराड्याच्या तोंडावर पालथं मडकं टांगलं की पुक्-पुक् आवाज चार शिवारं ऐकू जायचा, अन् बाया दळणाची डालगी घेऊन घराबाहेर पडायच्या. ते इंजिन मी डोळे झाकून खोलायचो अन् डोळे झाकून जोडायचो.

अन् जपायचो किती म्हणता! रोज दिवस मावळताना गिरणी बंद केली की धुराड्यात चिंध्यांचा बोळा कोंबायचा, सकाळी आधी तो काढायचा. न्हाईतर चिमण्या आत घरटं करतात, गांधीलमाशा चिखल लिंपतात. "माझ्यासारखा जपून काम करणारा माणूस हुमनाबादपर्यंत दाखवा," असं मी दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला ऐकवायचो. बाया हूं म्हणायच्या. न्हाई म्हणून करतील काय? दळण माझ्या हातात.

तर, मुनीर उस्ताद म्हणून माझा दोस्त व्हता. हैद्राबादच्या सडकेवर लॉरी चालवायचा, काडीसारखा बारीक, पण मोटारीचं त्याला सगळं ठावं. एक दिवस आला अन् म्हणला, "शिवण्णा, हैद्राबाद में एक साब विलायत जारा. उसकी स्पोर्ट गाडी पडी है. लेते क्या?"

आता मला सांगा, पिठाच्या गिरणीवाल्याला स्पोर्ट गाडी कामून पायजे? कुणालाही इचारा, नको म्हणंल. म्या म्हणलं, "घेतो."

गाडी आली ती काळा धूर सोडतच आली. नाक हे लांब, बूड आखूड, डोक्यावर छप्पर न्हाई, चाकाला सायकलीसारख्या तारा, अन् बसायला जागा दोघांची. फक्त दोघांची! तुमची वहिनी उंबऱ्यात उभी राहून लई वेळ बघत व्हती.

"दोघंच बसायचं ह्यात?" म्हणली.

"स्पोर्ट गाडी हाय ती. दोघंच बसतात."

"मग घरच्या बाकीच्यांनी काय गाडीच्या मागं पळायचं?"

"व्हय, पळा की! तेवढंच अंग हलतं," म्या म्हणलं, अन् स्वतःच मोठ्यानं हसलो. ध्यानात ठेवा हे हसणं.

आता गाडी धूर का सोडायलीय? उस्ताद म्हणला, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागंल, हैद्राबादला मोठ्या कारखान्यात न्या. म्या म्हणलं, हैद्राबादला कामून? मी काय मेलोय? चार शिलिंडर म्हंजे माझ्या गिरणीचं इंजिन चार वेळा. खोललं अन् जोडलं! "तुम्हारी मर्जी जी," उस्ताद म्हणला, अन् लॉरीत जाऊन बसला.

गाडी ठेवायला जागा कुठली? गोठा. गोठ्यात कोण? चंद्री. चंद्री म्हंजे आमची म्हस, तुमच्या वहिनीनं माहेरून आणलेली, अन् लेकीसारखी वाढवलेली. चंद्रीला बाहेर चिंचेखाली बांधलं अन् गाडी आत घातली. "आठ दिवसांचं काम हाय," म्या म्हणलं. वैशाखात म्हणलं. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. गाडीचं पोट घोंगडीवर पसरलेलं, अन् चंद्री पावसात उभी. म्हस रुसली, दूध आटलं. तुमची वहिनी रोज सकाळी रिकामी चरवी माझ्यापुढं आपटून जायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर आज मी चहा सुखानं प्यालो असतो. पण पंचमीला तुमची वहिनी माहेरी गेली.

तिचं माहेर गुलबर्ग्याचं. तिचे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, कापडाचे मोठे व्यापारी. दोन जावई आधीचे, एक वकील, एक दुकानदार. मी तिसरा, पिठात माखलेला. मला लेक देताना अप्पांच्या मनात नव्हतंच, हे मला लग्नातच कळलं व्हतं. तरी माणूस रीतीचा. लग्नात मला रुईफुली किनारीचा रेशमी शेला दिला मानाचा, म्हणले, "जावईबापू, सणासुदीला खांद्यावर घालत जावा. पिठाच्या खांद्यावर घालू नका."

तर पंचमीला बहिणी-बहिणी जमल्या, ज्याच्या त्याच्या नवऱ्याचं कौतुक चालू झालं. तुमची वहिनी किती वेळ गप बसणार? म्हणली, "आमच्या ह्यांनी विलायती मोटारीचं इंजिन खोललंय. आपल्या हातानं बांधायलेत. अप्पा, दसऱ्याला मुडबीला या. तुमचे जावई तुम्हाला मोटारीत बसवून सीमोल्लंघनाला नेतील."

अन् अप्पा म्हणले, "येतो की."

घरी आली ती दारातच थांबली. हातातलं बोचकं तसंच.

"ऐकलं का? म्या तुमच्यासाठी माहेरात शब्द टाकलाय. माझ्या बापापुढं, बहिणींपुढं. गाडी दसऱ्याला चालली तर चालली. न्हाई चालली तर गाडी गोठ्याच्या भाईर, चंद्री आत. अन् मी पुन्हा गुलबर्ग्याला पाऊल टाकायची न्हाई. कोणत्या तोंडानं जाऊ?"

आता सांगा! म्हशीचं दूध, बायकोचं माहेर अन् सासऱ्याची मर्जी, सगळं त्या चार शिलिंडरांवर येऊन बसलं.

मग मात्र म्या कंबर कसली. उस्तादनं हैद्राबादेहून रिंगा आणून दिल्या. वाल्व घासले, पिस्टन घातले, वरचं झाकण आवळलं. खालचं वर, वरचं खाली, दोनदा चुकलं, दोनदा खोललं. अष्टमीला सांजच्याला शेवटचा बोल्ट आवळला अन् घोंगडीकडं बघितलं, तर घोंगडीवर दोन नट उरलेले!

दोन नट. कुठले? देवाला ठावं. गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या, आत-बाहेर बघितलं, सगळी भोकं भरलेली. म्या इकडं-तिकडं बघितलं अन् दोन्ही नट गुपचूप बंडीच्या खिशात टाकले. कुणाला सांगणार? रात्रभर कुशीला टोचत राहिले.

तुम्ही म्हणाल, मग नवमीला चालू करून का बघितली न्हाई? एक तर पेट्रोल उस्ताद दसऱ्याला सकाळी हुमनाबादेहून आणणार व्हता. अन् दुसरं, खंडेनवमी! आमच्याकडं त्या दिवशी पाना-हातोडी देवापुढं जाते. गिरणी बंद, नांगर बंद. हत्याराला हात लावायचा न्हाई म्हंजे न्हाई. तुमच्या वहिनीनं सगळे पाने धुवून-पुसून देव्हाऱ्यात मांडले, हळद-कुंकू वाहिलं. मग ताट घेऊन गोठ्यात आली, गाडीच्या लांब नाकावर कुंकवाचे पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला, चाकापुढं नारळ फोडला. मी दारात उभा राहून हात चोळायलोय. एवढं तयार इंजिन, अन् हात लावायचा न्हाई!

त्याच दिवशी अप्पा आले. हुमनाबादपर्यंत मोटारबस, पुढं छकड्यात. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा पटका. गोठ्यात येऊन गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर अंगठा घासून बघितला अन् म्हणले, "रंग पक्का दिसतोय." बास!

उजाडला दसरा. सकाळीच तुमची वहिनी म्हणली, "आज अप्पांनी दिलेला शेला घाला. त्यांच्या डोळ्यापुढं दिसू द्या."

म्या ट्रंक उघडली. शेला न्हाई. दुसरी ट्रंक उघडली, न्हाई. उतरंडीमागं, कणगीमागं, देव्हाऱ्याखाली. कुठंच न्हाई!

"तू बोहारणीला दिलास!" म्या म्हणलं.

"मी?"

"मग कोण? मागल्या म्हैन्यात पितळी डबा घेतलास न्हाई का? त्यात गेला शेला!"

"डब्यापायी तुमची फाटकी धोतरं गेली. शेला तुम्हीच वैशाखात चिटगुप्प्याच्या लग्नाला खांद्यावर टाकून गेलाव. परत आलाव ते सरळ गोठ्यात शिरलाव, त्या मढ्यापाशी."

"आल्यावर म्या ट्रंकेत ठेवला!"

"ठेवताना म्या तरी बघितलं न्हाई."

"म्हंजे मी खोटं बोलायलोय?"

बाहेर ओट्यावर अप्पा खाकरले. सगळं ऐकलं व्हतं त्यांनी. मी साधं उपरणं खांद्यावर टाकून बाहेर आलो. अप्पांनी माझ्या खांद्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं.

तेवढ्यात उस्ताद पेट्रोलचा डबा घेऊन आला. देव्हाऱ्यातले पाने उचलले, गाडी गोठ्याबाहेर ढकलली. बघता बघता निम्मं गाव जमलं. कुणी धुणं सोडून आलं, कुणी जेवण सोडून. बेत असा: मी अन् अप्पा गाडीत बसणार, आमच्या मागं गाव, अन् वेशीवर तुमची वहिनी ओवाळणार. बायका वेशीपर्यंतच येतात ना आमच्याकडं.

उस्तादनं पुढं हँडल लावलं अन् फिरवलं. फस्! पुन्हा फिरवलं. फस्! तिसऱ्याला इंजिननं दोन ठोके दिले, ढुक्-ढुक्, अन् कुणी गळा दाबावा तसं गप झालं. आता मी सांगतो तुम्हाला, त्या वक्ताला मला वाटलंच व्हतं की आत कुणीतरी गळा दाबायलंय. पण कोण, हे शोधायला मी कुठं-कुठं गेलो ते ऐका.

आधी उस्तादवर गेलो. "मियाँ, ह्या पेट्रोलात घासलेट हाय."

"क्या बोलरे जी तुम?" उस्तादचा चेहरा लाल झाला. "मेरे पेट्रोल में घासलेट? सणाच्या दिवशी मला चोर ठरवायलाव?" त्यानं कागदावर दोन थेंब टाकले अन् काडी लावली. भक्कन पेटलं. त्याच्या मिशीचं टोकही थोडं गेलं. गाव हसलं. उस्ताद न्हाई हसला.

मग प्लग काढले. कोरडे करून पुन्हा लावले. ठिणगी हाय का बघायला तारंला हात लावला. हाय, हाय, चांगली दणदणीत हाय! मी दोन हात मागं जाऊन चंद्रीच्या शेणात बसलो. पुन्हा हँडल, पुन्हा ढुक्-ढुक्, पुन्हा गप.

ऊन चढायलं. ढोल वेशीकडं वाजायला लागला. लोकं सल्ले द्यायला लागली. एक म्हणला, दृष्ट लागलीय, मिरच्या ओवाळा. दुसरा म्हणला, चारापाणी दावा, चालंल. अप्पा ओट्यावर मांडी घालून बसलेले. त्यांचं ते गप बसणं मला शंभर सल्ल्यांपेक्षा जड जायलं.

खरं सांगू? मला सारखे खिशातले ते दोन नट टोचत व्हते. वाटायचं, चूक ह्याच नटांची हाय, म्हंजे माझीच हाय, अन् आता गावापुढं, सासऱ्यापुढं उघडी पडंल. माणसाला आपली चूक कळायला लागली की त्याचा आवाज चढतो. माझा चढला.

कारबुरेटरचं झाकण काढलं, अन् झाकणाच्या कडंला काय दिसावं? झेंडूची एक पाकळी! एवढीशी, नखाएवढी. वरनं पडली असंल झाकण काढताना. पण मला तर डोंगर सापडला.

"सापडला चोर!" म्या पाकळी दोन बोटांत धरून गावाला दाखवली. "इंजिनात कुंकू अन् फुलं! सहा म्हैने मी राबलो, अन् हिनं एका दिवसात माती केली. पूजा करायची तर देव्हाऱ्यात कर की! इंजिनाला कुंकू पाजायला कुणी सांगितलं व्हतं?"

तुमची वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी व्हती. नवं इरकल लुगडं, नाकात नथ. तिचा बाप समोर बसलेला.

"म्या भाईरनं पूजा केली," ती हळू म्हणली. "झाकण उघडायला मला कुठं येतंय?"

"मग ही पाकळी उडून गेली का आत?"

तिनं ताट खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला अन् चंद्रीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. ढोल तेवढा वाजत व्हता. आत्ता बोलताना सुद्धा माझी मलाच लाज वाटते. सहा म्हैने तिनं रिकाम्या चरव्या सोसल्या, माहेरी माझं नाव मोठं केलं, अन् म्या तिला बापापुढं रडवलं.

अप्पा ओट्यावरनं उठले. धोतराच्या निऱ्या झटकल्या.

"जावईबापू," म्हणले, "आमच्या दुकानात ठाण सापडलं न्हाई की आम्ही आधी आपल्या बुडाखाली बघतो. आळ मागनं घेतो."

मला वाटलं, टोमणा मारायलेत. खरं म्हंजे तवाच मी खाली वाकून गाडीच्या बुडाखाली बघायला पायजे व्हतं. पण सासऱ्याचा शब्द जावयानं शब्दाच्या अर्थानं घेतला असं कधी झालंय का?

"माझ्या छकड्याचे बैल लावा," अप्पा पुढं म्हणले. "वर मारुतीपाशी ओढून न्या, तिथनं उताराला सोडा. माझ्या लेकीनं शब्द टाकलाय. मोटार हलायलाच पायजे."

मोटारीला बैल! विलायती स्पोर्ट गाडीला! नको म्हणायला तोंड कुठं व्हतं मला? बैलांच्या शिंगाला सणाचे गोंडे, गळ्यात घुंगरं, मागं माझी लांब नाकाची गाडी, अन् तिच्यात चाक धरून मी एकटा. दोन्हीकडं गाव, मागं बायांत तुमची वहिनी. एक म्हातारी विचारती, "ह्यात देव कंचा बसवलाय गं?" मी समोर बघत बसलो. दुसरीकडं बघायची सोयच नव्हती.

मारुतीपाशी बैल सोडले. मागनं ढकलायला दहा माणसं लागली. अन् त्या दहांच्या मधोमध, पांढरं धोतर, पांढरा पटका, अप्पा!

"अप्पा, तुम्ही नको," म्या मान वळवून म्हणलं.

"माझ्या लेकीची अब्रू हाय," ते म्हणले. "मी बी हात लावणार. तुम्ही पुढं बघा."

"शिवण्णा, दुसरा गियर!" उस्ताद ओरडला. "रफ्तार आयी तो क्लच छोडो!"

गाडी निघाली. हळू, मग जोरात, मग लई जोरात, अन् ढकलणारी माणसं मागं हात लावून पळतच. म्या डोळे मिटले, कुलदेवाचं नाव घेतलं अन् क्लच सोडला.

ढुक्-ढुक्-ढुक्... धडाम्!

मुडबीच्या वेशीवर तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. कावळे उडाले, बैल उधळले. अन् त्याच्या मागनं चारी शिलिंडरांचा असा गोड आवाज निघाला, की काय सांगू! एक ठोका चुकंना. गाडी वाऱ्यासारखी सुटली. वेशीबाहेर गेलो, वळवली, परत आलो. छाती अशी फुगलेली. दोन नट गेले खड्ड्यात! सगळा राग, सगळी लाज विसरलो. विसरलो न्हाई, उलट आणखी शेफारलो!

गाडी गावापुढं आणून थांबवली, इंजिन चालूच, अन् ओरडलो, "बघितलंस का गं! इंजिन माझं पक्कं! तुझं कुंकू जळून गेलं, तवा चालली!"

कुणी हसंना. कुणी टाळी वाजवंना. उस्ताद आपल्या जळक्या मिशीला हात लावून माझ्याकडं बघायलाय, दोन हातांनी तोंड दाबायलाय.

मग गर्दी बाजूला झाली.

अप्पा उभे व्हते. पटका पांढरा, सदरा पांढरा, अन् कमरेच्या खाली सगळे काळेकुट्ट. काजळी धोतराला, काजळी पायाला. अन् त्यांच्या पायात एक काळा, धुरकटलेला, तेलकट बोळा पडलेला. धुराच्या नळीतनं सुटलेला!

अप्पा वाकले. बोळा उचलला, झटकला, उलगडला. लांब निघाला तो. मग त्यांनी त्याचं टोक अंगठा अन् बोटात धरून हळूहळू घासलं. कापडाचा व्यापारी हो! डोळे झाकून ठाण ओळखणारा माणूस. काजळी निघाली अन् खालनं किनार दिसली.

"रुईफुली," अप्पा म्हणले. "रेशीम आमच्याच दुकानचं."

अन् बाबांनो, त्याच क्षणी सगळं आठवलं. वैशाखातलं ऊन. चिटगुप्प्याच्या लग्नातनं आलो ते सरळ गोठ्यात. गाडी खोलायची एवढी घाई, की खांद्यावरचा शेलासुद्धा काढला नव्हता. मागं गेलो तर एक चिमणी चोचीत काडी घेऊन धुराच्या नळीत शिरायलीय! मग काय, गिरणीवाल्याचा हात! हाताला जे कापड लागलं ते गोळा केलं अन् कोंबलं. आतपर्यंत, चांगलं दाबून. जपून काम करणारा माणूस ना मी! गिरणीचं धुराडं डोळ्यापुढं असतं, म्हणून बोळा रोज निघतो. गाडीचं धुराडं बुडाखाली. सहा म्हैने निघाला न्हाई.

तुमची वहिनी पुढं आली. डोळे लाल व्हते. तिनं शेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बोहारणीला दिला व्हता न्हाई का म्या?" म्हणली.

अन् मग जे गाव हसलं! म्हातारी हसली, उस्ताद तर जमिनीवर बसला. मी गाडीतनं उतरलो. सगळ्यांपुढं हात जोडले.

"चुकलं माझं," म्या म्हणलं. "तुझ्यावर आळ घेतला, उस्तादवर घेतला. गाढव मीच हाय. चुकलं."

"ते झालं," अप्पा म्हणले. तोंड अजून तसंच, पण मिशीखाली काईतरी हलायलं व्हतं. "शेला माझ्या पाया पडला. जावई अजून उभेच हायेत."

मी पाया पडलो. काळ्या पायांवर डोकं ठेवलं, कपाळ काळं झालं. अप्पांनी मला उठवलं, माझ्या हातात बन्नीची, म्हंजे शमीची पानं ठेवली, दसऱ्याचं सोनं. म्हणले, "घ्या. बंगारासारखं, सोन्यासारखं राहा. अन् इंजिन चांगलं बांधलंय हो. कापड वाईट वापरलं, पण इंजिन चांगलं बांधलंय."

त्या एका वाक्यापायी मी सहा म्हैने अजून राबलो असतो, खोटं न्हाई सांगत.

"चला अप्पा, बसा," म्या म्हणलं, अन् चाकापाशी निघालो.

"थांबा," अप्पा म्हणले. "शब्द कुणी टाकला व्हता? माझ्या लेकीनं. गाडीत ती बसंल."

"अप्पा, बायका वेशीच्या पुढं..."

"आजपातुर मोटारीला बैल जुंपले व्हते का कुणी?"

गावानं वाट दिली. उस्ताद काडीसारखा, तो चाकाशी अर्ध्या जागेत मावला. उरलेल्या दीड जागेत मधी अप्पा, कडंला तुमची वहिनी, नथ सावरत, मान ताठ. नातीगोती, पाहुणेराहुणे, सगळ्या गुलबर्ग्यानं बघावं असं बसली व्हती.

"अन् मी?" म्या विचारलं.

तिनं तो काळा शेला माझ्या खांद्यावर टाकला, घडी नीट केली.

"तुम्ही पळा की मागनं," म्हणली. "तेवढंच अंग हलतं. अन् नळीत पुन्हा काई शिरलं तर बघायला कुणीतरी पायजेच की!"

गाडी निघाली. ढोल निघाला. अन् मी पळालो बाबांनो, मानाचा शेला खांद्यावर, तोंडावर माझ्याच इंजिनाचा धूर, वेशीपासून शमीच्या झाडापर्यंत! परत आलो तर चंद्री दावं तोडून आपल्या गोठ्यात जाऊन बसलेली. कुणी उठवायची छाती केली न्हाई. गाडी तवापासून चिंचेखाली.

ते दोन नट अजून माझ्याकडं हायेत. कुठले, ते अजून कळलं न्हाई. अन् आमच्या घरात आजही काई हरवलं, चष्मा म्हणा, अडकित्ता म्हणा, की मी तोंड उघडायच्या आधीच आतनं आवाज येतो, "आधी गाडीच्या मागं बघून या. मग माझ्यावर ओरडा!"

अन् खरं सांगू? मी गुपचूप उठतो, अन् बघून येतो.